लेकीच्या अंगणातली चूल

लक्ष्मणराव धुमाळांना तीनशे माणसांचा स्वयंपाक यायचा. तीन माणसांचा यायचा नाही. हे आम्हाला कळलं तेव्हा इंदूर अठ्ठावीस मैल मागे राहिलं होतं आणि मानपूरला एका चिंचेखाली पातेल्यातली डाळ उतू जाऊन चूल विझत होती. पण आधी सुरुवात सांगतो. नाहीतर अच्युत म्हणेल, श्रीपादला गोष्टसुद्धा उलटं पॅडल मारत सांगायची खोड आहे.

त्रेपन्न सालचा डिसेंबर होता. मी मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून होतो. ते सरकार मोठं मजेशीर. उन्हाळ्यात इंदुरात, हिवाळ्यात ग्वाल्हेरात. दोन घरं करून बसलेल्या माणसासारखं कुठंच धड नाही. साहेब लोक फायली बांधून ग्वाल्हेरला गेले की मागे राहिलेल्या आम्हाला माशा मारण्यावाचून काम नसे. त्यामुळे मी महिन्याची रजा मागितली तेव्हा हेडक्लार्कनं मान वर न करता सही केली.

सायकलवर कन्याकुमारीला जायची कल्पना अच्युतची. तुकोगंजात तो आमच्या शेजारी राहायचा आणि कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होता. नकाशावर बोट फिरवायला काय जातं? आम्ही पुण्यापर्यंत पोचलो आणि तिथून आगगाडीत सायकली घालून परत आलो, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची निराशा नको. दोघांनाही साधा चहा करता येत नव्हता. अच्युतची आई रोज विचारायची, "खाणार काय रे तुम्ही?" आणि आम्ही रोज म्हणायचो, "बघू."

हे "बघू" कसं कोण जाणे मल्हारगंजापर्यंत पोचलं. एका सकाळी दारात खाकी कोट घातलेला, पिकल्या मिशांचा, बावन्न-त्रेपन्न वर्षांचा माणूस काळी सायकल धरून उभा. लक्ष्मणराव. आमच्या घरच्या दोन लग्नांत त्यांच्या हातचं जेवलो होतो, म्हणून मी ओळखलं.

लक्ष्मणराव होळकरांच्या फौजेत लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. पणजोबा दक्षिणेतून भाला घेऊन माळव्यात आले, आजोबांनी तलवार धरली, वडिलांनी बंदूक, आणि आपल्या हाती झारा आला, असं ते स्वतःच सांगायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी पलटणीला जेवू घातलं. मग संस्थान गेलं, फौज गेली, मोठमोठ्या डेगा कुठल्या कुठे गेल्या. त्यानंतर ते लग्नामुंजींची कामं घ्यायचे आणि तिथं मुलाच्या आईनं मसाल्यात तोंड घातलं तर तिलाही दरडावायचे.

"टूरवर तुम्हीच जाताय ना भिया? जेवणाचा इंतजाम काय?"

"मिळेल ते खाऊ," अच्युत म्हणाला.

"मिळेल ते खाऊन आदमी दोन दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी झाडामागे बसतो. मला सोबत घ्या. सायकल माझी, बर्तन माझे, हात माझे. पगार-बिगार काही नको."

"मग पाहिजे काय?"

"नाशकात चार दिवस मुक्काम."

ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तिथेच, सायकल धरून उभ्या उभ्या, त्यांनी सगळं सांगितलं. एकुलती एक लेक, इंदिरा. नऊ वर्षांपूर्वी नाशकात दिलेली. जावई संताजी मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात, माणूस भला. इंदिरेला मूल मात्र झालं नव्हतं. आणि धुमाळांची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. रीत आमच्याकडेही होती. पण माझ्या बहिणींच्या घरी दीड-दोन वर्षांत पाळणा हलला, त्यामुळे तिची धार आम्हाला कधी लागली नव्हती.

लक्ष्मणराव आणि त्यांच्या बायको गंगूबाई लग्नानंतर एकदाच नाशकाला गेले होते, तेही मे महिन्यात. दुपारभर व्याह्यांच्या ओसरीवर बसले आणि घोटभर पाणी न घेता उठले. इंदिरा दाराआड रडत होती. परत जायची दोघांचीही छाती झाली नाही. पाच वर्षांपूर्वी गंगूबाई वारल्या, तेव्हा इंदिरा तेराव्याला येऊन गेली. त्यानंतर भेट नाही, नुसती पोस्टाची कार्डं.

"मग मोटारीनं जा ना," मी म्हणालो. "धर्मशाळेत उतरा, दिवसा तिच्याकडे जाऊन बसा."

"व्याह्याच्या गावात धर्मशाळेत जेवलो तर त्यांचं नाक कापलं श्रीपादजी. त्यांच्या दारात चूल मांडली तर त्याहून जास्ती. बाप म्हणून गेलं की सगळीकडून पंचाईत. पण तुमचा लांगरी म्हणून गेलो तर चूल मांडणं माझी ड्यूटी आहे. ड्यूटीवरच्या माणसाला कोण काय बोलेल? चार दिवस पोरीला डोळे भरून बघीन. आपलं शिजवीन, आपलं खाईन."

मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि हुशारी कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं.

तर मानपूर. महूपर्यंत आम्ही गाणी म्हणत आलो होतो, मानपूरला पोचलो तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. लक्ष्मणरावांनी तीन दगड मांडले, काटक्या आणल्या, चूल पेटवली, आणि मग पिशवीत हात घालून डाळीचा पसा भरून पातेल्यात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. मग मान तिरकी करून बघितलं आणि चौथा टाकला. डाळ फुगली. त्यांनी पाणी वाढवलं. पाणी वाढलं म्हणून डाळ वाढवली. शेवटी झाकण वर उचललं गेलं आणि पिवळा लोंढा चुलीत उतरला.

"काका, आपण तीनच आहोत," अच्युत हळूच म्हणाला.

लक्ष्मणराव उसळले. "तीन माणसांचं कोण शिजवतं भिया? तीन माणसांचं घरात बाई शिजवते! मला सांगा एक कंपनी, एकशेवीस जवान, मी डोळे बांधून डाळ काढून देतो. तीन! हा काय आकडा झाला?"

त्या संध्याकाळी चिंचेखाली उतरलेले चार गाडीवान आणि डाकबंगल्याचा चौकीदार आमच्या पंगतीला होते, तरी डाळ उरली. डाळ उत्तम होती हे मात्र कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उलटी चूक केली. रागानं इतके थोडे तांदूळ टाकले की खिचडी पातेल्याच्या बुडाला पापडासारखी चिकटली आणि आम्ही गूळ खाऊन निजलो. नर्मदेचा काठ, थंडी, आणि पोटात कावळे. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा लांगरी तीन माणसांपुढे हरला होता, आणि आपण नाशकात एकट्यापुरतं शिजवणार तरी कसं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

सकाळी मी उठलो तर ते जागेवर नव्हते. थोड्या अंतरावर एक निमाडी म्हातारी आपल्या नवऱ्यासाठी चुलीवर भात टाकत होती, आणि हा मिशीवाला माणूस तिच्यापुढे उकिडवा बसून शाळेतल्या मुलासारखा बघत होता. तिनं तांदूळ मुठीनं घेतले. माणशी एक मूठ, आणि एक मूठ वरची. पाणी भांड्यात ओतून बोट बुडवलं. तांदळावर पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. बास. लक्ष्मणरावांनी तिला विचारलं, वरची मूठ कोणाची? म्हातारी म्हणाली, येईल त्याची.

परत येताना ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "गंगू अस्सीच करायची," ते म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही. मी घरी असायचो कुठे? लेकीसाठी जिंदगीत एकदाच शिजवलं, तिच्या लग्नात. चारशे पानं."

त्या दिवसापासून आमचं जेवण जमलं. इतकं साधं आणि इतकं चांगलं जेवण मी पुढे कुठल्या बोर्डिंगात की हॉटेलात खाल्लं नाही. सकाळी पोहे भिजवून, वर कांदा-मिरची आणि इंदुरातून आणलेली शेव. निघताना डाळ धुऊन डब्यात भिजत घालायची आणि डबा कॅरिअरला बांधायचा. संध्याकाळपर्यंत आग्रा रोडचे धक्के खाऊन ती अशी मऊ यायची की दोन उकळ्यांत काम. कधी पिठलं, कधी खिचडी, आणि मुक्काम लवकर पडला तर निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या बाट्या. सेंधवा ओलांडून खानदेशात उतरल्यावर हिरवी वांगी मिळाली. ती राखेत सरकवून भरीत व्हायचं. पातेलं एक, परात एक, तवा एक. लक्ष्मणराव म्हणायचे, जास्त बर्तन म्हणजे जास्त झगडा.

सायकलही ते छान चालवायचे. चढावर उतरून शांतपणे ढकलायचे, आम्ही छाती फुटेस्तोवर पॅडल मारून वर पोचलो की पाचच मिनिटांत मागून यायचे आणि म्हणायचे, "झालं? मजा आली?"

शिरपूरच्या पुढे एका मळ्यात जेवत होतो. अच्युतला वाद घालायची फार हौस, आणि पोट भरलं की ती वाढायची. तो म्हणाला, "काका, राग मानू नका, पण ही रीत काही वेदात लिहिलेली नाही. मूल होणं न होणं कोणाच्या हातात आहे? एकदा जेवलात तिच्याकडे तर आभाळ कोसळेल का?"

मला वाटलं आता हा शिव्या खाणार. लक्ष्मणराव बराच वेळ परात राखेनं घासत राहिले.

"आभाळाचं मला काही नाही," ते म्हणाले. "तिच्या आईनं पाळली. मरेपर्यंत. शेवटी ताप चढला होता तर काय म्हणायची माहीत आहे? इंदूच्या हातची भाकर पाहिजे. मी म्हटलं, चल, नेतो तुला नाशकाला, खा. तर म्हणते, नको, रीत मोडेल, पोरीला आणखी दोष लागेल. भूक घेऊनच गेली ती. आता मी जाऊन जेवलो, तर वर गेल्यावर तिला काय सांगू? तू भुकेली गेलीस अन् मी पोटभर जेवून आलो?"

अच्युतनं उठून त्यांच्या हातातली परात घेतली आणि स्वतःच घासायला लागला.

चांदवडला मात्र आम्ही हसून लोळलो. लक्ष्मणरावांना बाट्या करायच्या होत्या आणि त्याला गोवऱ्यांचा विस्तव लागतो. ते रस्त्याकडेच्या एका घरी गेले आणि इंदुरी मराठीत म्हणाले, "बाई, पाच-सात कंडे द्या ना."

बाई आत गेली आणि सात कांदे घेऊन आली.

"हे नाही हो. कंडे. कंडे पाहिजेत, जाळायला."

"कांदे जाळायचे?" बाईनं आमच्याकडे बघितलं. "भाजायचे म्हणता का?"

"हां, भाजायचेच आहे. बाट्या."

"कुठल्या वाट्या?"

लक्ष्मणरावांनी मदतीसाठी मागे बघितलं, पण आम्ही कुंपण धरून उभे होतो. शेवटी त्यांनी भिंतीवर थापलेल्या शेणाकडे बोट दाखवलं. बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया, गोवऱ्या! अहो मराठी बोला की!" चार पिढ्या माळव्यात मराठी जपून आलेल्या घराण्याला चांदवडच्या बाईनं एका शब्दात झोपवलं. बाट्या झाल्या, कांदेही तिनं परत घेतले नाहीत, तेही भाजून खाल्ले.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी नेहमीसारखी विडी ओढली नाही. दुसऱ्या दिवशी नाशिक होतं. त्यांनी नर्मदेवर धुतलेला सदरा काढला, तांब्यात निखारे भरून त्याचीच इस्त्री त्यावर फिरवली, आणि मला विचारलं, "श्रीपादजी, मी लांगरी दिसतो ना? बाप नाही ना दिसत?"

मी म्हटलं, "नाही दिसत." साफ खोटं बोललो.

इंदिरेचं घर पंचवटीच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, आणि अंगणाला लागून गल्ली. आम्ही सायकली टेकवल्या तेव्हा ती दोरीवरचे कपडे काढत होती. सव्वीस वर्षांची असेल. चेहरा थेट बापाचा. हातातले कपडे तसेच धरून ती आली, पायांवर वाकली, आणि उठलीच नाही. लक्ष्मणरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बास, बास. मी ड्यूटीवर आहे," ते म्हणाले आणि नाक ओढलं.

मग ती आत पळाली आणि सवयीनं पाण्याचा तांब्या आणि तीन फुलपात्री घेऊन आली. मला दिलं, अच्युतला दिलं. तिसरं भरताना तिचा हात थांबला. तिनं ते फुलपात्र पालथं घालून ठेवलं. लक्ष्मणराव त्या वेळी सायकलची चेन बघत होते.

सासूबाई, आनंदीबाई, बाहेर आल्या. उंच, कडक बाई; ओठ मिटले की उघडतील असं वाटत नसे. लक्ष्मणरावांनी हात जोडले आणि पाठ केलेलं बोलले, की मी ह्या साहेबांचा स्वयंपाकी म्हणून आलोय, इजाजत असेल तर अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडतो, पाणी गल्लीतल्या नळाचं आणीन. आनंदीबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "रीत पाळता, चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मांडा."

म्हणजे डाव साधला होता. विहीणबाई नाराज नव्हत्या, रीत शाबूत होती, लेक समोर होती. आम्हा दोघांना अर्थातच आतून जेवायचं बोलावणं आलं. संताजीराव कारखान्यातून येऊन आमच्याबरोबर बसले. बाजरीची भाकरी, भरली वांगी, लसणीची चटणी. मी खरं सांगतो, आठ दिवस लक्ष्मणरावांचं खाऊनही सांगतो: लेक बापाला भारी होती.

जेवून बाहेर आलो तर ते कोपऱ्यात बसून एकटेच खिचडी खात होते. मला हातानं जवळ बोलावलं.

"काय होतं?"

मी सांगितलं.

"वांगी? भरली? मसाला कसला? दाण्याचा कूट घालते का तिळाचा?"

"तिळाचा वाटला."

"तिळाचाच ना? गंगू तिळाचाच घालायची." त्यांनी एक घास घेतला आणि चावत राहिले. "तेल वर आलं होतं? देठ ठेवले होते का काढले होते? देठ ठेवायला पाहिजे."

मी आठवून आठवून सांगत होतो आणि ते आपली खिचडी त्या सांगण्याला लावून खात होते. माझ्यानं तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. इंदिरा कामं उरकून अंगणात यायची, बापाशी बोलायची. इंदूरच्या, आईच्या, जुन्या शेजाऱ्यांच्या गोष्टी निघायच्या. पण चूल पेटली की ती उठून आत जायची. दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात गेलो तेव्हा ती पीठ मळत होती. न वळता तिनं विचारलं, "श्रीपादभाऊ, जेवल्यावर आबा तुम्हाला काय विचारतात?"

मी सांगितलं. तिळाचा कूट, वांग्याचे देठ, सगळं. तिचे हात पिठात थांबले.

"मूल नाही ते माझं नशीब," ती म्हणाली. "त्याचं रडू मी रडून झाले. पण त्या कोपऱ्यातल्या चुलीचा धूर गल्लीभर जातो. नऊ वर्षांत ज्या बायका मला काही बोलल्या नव्हत्या, त्या काल येऊन विचारून गेल्या, वडील बाहेर का जेवतात गं? मी काय सांगू? आबा आले नव्हते तेव्हा मला वाटायचं, येत नाहीत म्हणून रागवावं. आता आलेत तर वाटतं, आले नसते तर बरं झालं असतं. बापाबद्दल असं वाटावं का हो कोणाला?"

ती रडली नाही. मी बाहेर आलो. आणि हे लक्ष्मणरावांना सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. उगीच सायकलच्या चाकातली हवा बघत बसलो. भित्रा होतो, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी मी आणि अच्युत आत जेवायला गेलो नाही. दोघांनाही तोंड उचलून आत जायची लाज वाटायला लागली होती. आम्ही आमच्या थाळ्या घेऊन लक्ष्मणरावांच्या चुलीपाशी बसलो. त्यांनी मुगाची खिचडी केली होती. आम्हाला वाढली, स्वतः वाढून घेतली, पहिला घास घेणार, तेवढ्यात इंदिरा हातात रिकामं ताट घेऊन बाहेर आली आणि आमच्यात जमिनीवर बसली.

"आबा, मला वाढा."

लक्ष्मणरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बापाच्या हातचं खायला लेकीला कसली आडकाठी नव्हती, आणि हे इतके दिवस त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पातेल्यात एक मूठ वरची होती. त्यांनी ती सगळी तिच्या ताटात वाढली, वर तूप सोडलं, आणि आपलं ताट बाजूला ठेवून ती कशी खाते ते बघत राहिले.

इंदिरेनं दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "अळणी आहे."

मी आणि अच्युतनं एकमेकांकडे बघितलं. तीच खिचडी आमच्या तोंडात होती. मीठ जिथं हवं तिथं होतं, चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. मापात ह्या माणसानं कितीही गोते खाल्ले असतील, पण मिठात त्याचा हात चुकलेला मी आठ दिवसांत पाहिला नव्हता, आणि पलटणीत कोणी सत्तावीस वर्षांत पाहिला नसणार. पाहिला असता तर ते त्यांनी आम्हाला ऐकू दिलं नसतं.

लक्ष्मणरावांच्या भुवया वर गेल्या. "अळणी?"

"अळणी आहे आबा." ती ताटाकडेच बघत होती. "घरातून मीठ आणू?"

दारात आनंदीबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. घरातलं मीठ घेणं म्हणजे काय, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं अन्न खाल्लं. शिपायाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

लक्ष्मणराव लेकीकडे बघत राहिले. आपली खिचडी अळणी नाही हे त्यांना माहीत होतं. तिला माहीत आहे हेही माहीत होतं.

"इंदू, तुझी आई असती तर काय म्हणाली असती?"

"आई?" इंदिरेनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "आई म्हणाली असती, अळणीच आहे."

लक्ष्मणरावांनी चुलीतलं एक लाकूड आत सरकवलं.

"हं," लक्ष्मणराव म्हणाले. "म्हातारा झालो. मीठ टाकायचं भूललोच मी. आण."

ती आत गेली आणि चिमूट नाही, मूठ भरून घेऊन आली. बापाच्या ताटापुढे बसली आणि आपल्या हातानं ती मूठ त्यांच्या खिचडीत सोडली, बोटांनी कालवली. मी डोळे मिटले; ती खिचडी आता जनावरानंही तोंडात धरली नसती. लक्ष्मणरावांनी घास उचलला. खाल्ला. दुसरा उचलला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिठाचं होतं की आणखी कशाचं ते मी सांगणार नाही, कारण त्यांनीही ते पुसलं नाही. आम्ही तिघं बघत असताना त्या माणसानं ताट बोटानं निपटून साफ केलं.

"आता बरोबर झाली," ते म्हणाले.

दारातून आनंदीबाई म्हणाल्या, "रीत मोडली की हो व्याही." आवाजात राग होता की नाही, मला समजलं नाही.

"मोडली, विहीणबाई," लक्ष्मणराव म्हणाले. "नातवंडाची वाट बघत नऊ वर्षं लेकीला उपाशी ठेवली मी. तिची आई तशीच गेली. आता जे काय सांगायचं ते वर जाऊन मीच सांगीन तिला."

आनंदीबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळी वांगी करणार आहे ती. देठ ठेवून."

लक्ष्मणराव हसायला गेले आणि त्यांना ठसकाच लागला. मीठ घशात बसलं होतं. त्यांनी हात पुढे केला.

"इंदू, पाणी दे गं."

नऊ वर्षांत माहेरच्या माणसानं तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. ती एवढ्या घाईनं आत पळाली की माठातून घेताना पाणी सांडल्याचा आवाज बाहेर आला. तांब्या घेऊन आली ती अर्धी भिजूनच. लक्ष्मणरावांनी तो उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला, हातानं मिशा पुसल्या आणि तांब्या परत तिच्यापुढे धरला.

"अजून," ते म्हणाले.